डोंगर कोसळला हे छापता, तो डोंगर कसला आहे तेही छापा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. मी तुमच्या पेपरची रोजची वाचक. पत्र जरा लांबलंय, सगळं छापायला जागा नसेल तर कापा, पण वाचा मात्र पूर्ण, एवढीच विनंती.

मागे तुमच्या पुरवणीत सह्याद्रीवर एक अख्खं पान आलं होतं. फोटो फार सुंदर होते, माझ्या मुलीने त्यातला कोकणकड्याचा फोटो कापून कपाटावर चिकटवलाय. पण खाली मजकुरात असं होतं की हिमालयासारखाच सह्याद्रीही जमिनीच्या दोन मोठ्या तुकड्यांच्या टकरीतून वर उचलला गेलेला पर्वत आहे. मुलगी नववीत आहे, तिने वाचलं आणि विचारलं, आई मग याला पण वळ्या पडल्यात का, आणि असतील तर आपल्याला घाटात दिसत का नाहीत? तिचा प्रश्न बरोबर होता. दिसत नाहीत कारण त्या नाहीतच. सह्याद्री टकरीतून झालेला नाही. आता कुणी म्हणेल एवढ्याशा चुकीसाठी कशाला पत्र, पण मला ती एवढीशी वाटत नाही, कारण डोंगर कसा झालाय हे कळलं नाही तर तो का कोसळतो हे कळत नाही, आणि जुलैमध्ये कोसळणाऱ्या त्याच डोंगरावर एप्रिलमध्ये टँकर का लागतो हे तर अजिबातच कळत नाही. तुमच्याकडे या दोन बातम्या वेगळ्या महिन्यांत वेगळ्या पानांवर येतात. माझ्या माहेरी त्या एकाच उतारावर घडतात.

माहेर माझं पोलादपूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला, आणि सासर वाईत. लग्नाला 21 वर्षं झाली म्हणजे 21 वर्षं मी आंबेनळी घाटातून जा-ये करतेय, आधी एसटीने, आता आमच्या गाडीने. वाईहून निघालं की पसरणीचा घाट, मग पाचगणी, मग महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळीने खाली पोलादपूर, सगळं मिळून 70-75 किलोमीटर, पण एवढ्या रस्त्यात सह्याद्रीचा पूर्ण आकार कळतो म्हणून सांगते. वाई समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या थोडी वर आहे. महाबळेश्वरचा सगळ्यात उंच माथा 1438 मीटर. म्हणजे आमच्या बाजूने चढायचं साधारण 700 मीटर. पलीकडे उतरायला लागलं की मात्र उतरतच राहायचं, प्रतापगडाचा फाटा मागे पडतो, कान बंद होतात, हवा दमट होत जाते आणि पोलादपूर येईपर्यंत गाडी जवळजवळ समुद्राच्या पातळीला आलेली असते. चढलो त्याच्या दुप्पट उतरलो. माहेरच्या अंगणात उभं राहून पूर्वेला बघितलं तर भिंत उभी असते, मान वर करावी लागते. वाईत उभं राहिलं तर चहूकडे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात, पांडवगड, वैराटगड, केंजळगड, पाचगणीचं टेबललँड, पण भिंत कुठेच दिसत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हेच नवल वाटायचं की इकडे सह्याद्री आहे कुठे. तो दोन्ही अंगाला सारखा उतरणारा पर्वतच नाही, दख्खनच्या पठाराची ती पश्चिमेकडची कड आहे. पठारावरून गेलात तर पायरी, कोकणातून आलात तर कडा.

हिमालयाचं वेगळं. तिथे भारताचा भूभाग आशियाला जाऊन भिडला, साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी, मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळत वर गेला, म्हणून एव्हरेस्टच्या माथ्याला चुनखडक आहे आणि त्यात समुद्रातल्या जिवांचे अवशेष आहेत, आणि तो पर्वत अजूनही वर जातोय. शाळेच्या पुस्तकात त्याला वली पर्वत म्हणतात. आपल्याकडच्या सह्याद्रीत कुठल्याही कड्यासमोर उभे राहा, थर आडवे दिसतील. भाकऱ्यांची चवड रचावी तसे एकावर एक. पावसाळ्यात तर फारच स्पष्ट दिसतात, कारण मधल्या प्रत्येक पायरीवर गवताची हिरवी पट्टी येते आणि कडा काळाच राहतो. ती एकेक भाकरी म्हणजे लाव्हाचा एकेक लोंढा.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूसारखा, टोकातून धूर येणारा ज्वालामुखी नाही, भेगांतून पातळ लाव्हा वाहायचा, लांबवर पसरायचा, गार व्हायचा, मधे काही काळ शांत, मग परत पुढचा लोंढा. तेव्हा भारत आजच्या जागी नव्हताच, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिंदी महासागरात आज जिथे रियुनियन बेट आहे तिथल्या खोलवरच्या तप्त जागेवरून उत्तरेला सरकत होता. थर साचत साचत पश्चिमेकडे त्यांची जाडी 2 किलोमीटरच्या आसपास गेली, आणि एवढी वर्षं झिजूनसुद्धा आज उरलेला दगड 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय, त्यात साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत हाच काळा दगड लागला आणि मग त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार जुना खडक. म्हणजे आपण ज्याला जमीन म्हणतो ती एवढी जाड चवड आहे.

मग या पठाराचा पश्चिमेचा भाग तुटला. आज सेशेल्स बेटं आहेत तो तुकडा भारतापासून सुटला, मधे समुद्र आला, किनाऱ्याकडचा भाग खचला. पनवेलच्या बाजूला तेच आडवे थर पश्चिमेकडे कललेले दिसतात ते यामुळेच. वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, आमच्या महाडजवळचं सव, खाली राजापूर, हे गरम पाण्याचे झरे कोकणात असे एका ओळीत का, त्याचं कारणही त्या तुटण्याच्या भेगांमध्येच आहे. तुटून उरली ती कड सुरुवातीला समुद्राच्या बरीच जवळ होती, पाऊस आणि नद्या तिला खात खात पूर्वेकडे आणतायत. किती भाग भेगेने खचला आणि किती पाण्याने खाल्ला यावर संशोधकांचे वाद अजून चालू आहेत, पण टकरीने वर आला असं त्यांच्यातलं कुणीच म्हणत नाही.

आता एक गोष्ट सांगते जी कळली तेव्हा मला खरंच भरून आलं. काही वर्षांपूर्वी आंबेनळीत एका वळणावर कॉलेजची मुलंमुली हातोड्या घेऊन दगडाचे तुकडे काढत होती, आम्ही तिथेच गाडी गार करायला थांबलेलो, म्हणून सहज विचारलं काय चाललंय. त्यांच्या सरांनी रस्त्यावर उभं राहून पंधरा-वीस मिनिटं समजावलं. 1980 च्या दशकात संशोधकांनी या थरांची रासायनिक तपासणी करून त्यांचे गट पाडले आणि गटांना नावं दिली ती इथल्याच गावांची. खालून वर जायचं तर इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, त्यावर आंबेनळी, त्यावर महाबळेश्वर. आणि पोलादपूरपासून वरचे सगळे थर मिळून जो मोठा गट होतो त्याचं नाव वाई. जगात कुठेही बसून दख्खनच्या लाव्हावर काम करणाऱ्या माणसाला ही नावं घ्यावीच लागतात. माझं माहेर, वाटेतला घाट, माथा आणि सासर, चारही एकाच तक्त्यात. आणि आमच्या पोलादपूरच्या शाळेत हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही, पुस्तकात नव्हतं, सरांना पण माहीत नसणार. तुमच्या पुरवणीत हे आलं असतं तर किती मुलांनी घरातल्या भिंतीवर लावलं असतं!

त्या सरांकडूनच कळलं की सगळ्या भाकऱ्या सारख्या नसतात. लोंढ्याच्या आतला भाग घट्ट काळा पाषाण असतो, तो झिजत नाही, उभा चिरतो, त्याचा कडा होतो. लोंढ्याच्या वरच्या अंगाला वाफेच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेली असतात, त्यात पांढरे चमकदार खडे भरलेले असतात, तो भाग लवकर कुजतो, मुरुम होतो, त्याची उतरती पायरी बनते. असा कडा-पायरी-कडा-पायरी जिना झाला म्हणूनच याला ट्रॅप म्हणतात, स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून. आपल्या किल्ल्यांची माची याच पायरीवर असते आणि बालेकिल्ला वरच्या कड्याच्या डोक्यावर. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा केलं, त्यात प्रतापगड आहे, आनंदच झाला, पण त्यावेळच्या सगळ्या बातम्यांत इतिहास होता, दगडाबद्दल एक ओळ नव्हती. कडा आयता मिळाला म्हणून तट कमी बांधावा लागला, हे पण त्या किल्ल्यांचं वैशिष्ट्यच आहे ना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधे बऱ्याच ठिकाणी गेरूसारखा लाल मातकट पट्टा असतो. एक लोंढा गार होऊन उघडा पडला, त्याची वरून माती झाली, मग पुढचा लोंढा येऊन त्यावर बसला आणि ती माती भाजली गेली. ज्यांना प्रत्यक्ष बघायचाय त्यांनी आमच्या वाई तालुक्यातल्या कमळगडावर जावं. वर कातळात खोल खोदलेली विहीर आहे, तिला गेरूची किंवा कावेची विहीर म्हणतात, पायऱ्यांनी खाली उतरता येतं आणि तळाला भिंती लालभडक आणि ओलसर. एप्रिलमध्येसुद्धा आत गार वाटतं. हा लाल पट्टा चिकणमातीसारखा असतो, त्यातून पाणी सहज खाली जात नाही. वरच्या दगडातल्या चिरांतून झिरपत आलेलं पाणी तिथे येऊन अडतं आणि आडवं वाहत उतारावर बाहेर पडतं, तोच झरा. आमच्याकडच्या वाड्या का अशा अडनिड्या जागी डोंगराच्या मधल्या पायरीवर बसल्यात, तर तिथे झरा आहे, थोडी माती आहे, नाचणी-वरीपुरतं वरकस आहे. माणसं मूर्ख म्हणून तिथे राहिली नाहीत, पाणी बघून राहिली. हे मी मुद्दाम लिहितेय कारण दरड कोसळली की लोक कमेंट करतात, एवढ्या धोक्याच्या जागी राहतातच कशाला.

आता पाऊस. अरबी समुद्रावरून आलेलं नैऋत्येचं वारं या भिंतीवर आपटतं, त्याला वर चढावंच लागतं, वर गेलं की गार होतं आणि पाणी सोडतं. महाबळेश्वरला वर्षाला साधारण 5500 ते 6000 मिलिमीटर पडतो. पाचगणी तिथून 20 किलोमीटरच्या आत, तिथे त्याच्या निम्माही नाही. आणि खाली वाईत 700-800. महाबळेश्वर ते वाई 32 किलोमीटर, तेवढ्यात एवढा फरक, अजून पूर्वेला माणदेशात गेलं तर 500 च्या आसपास. माहेरी भात, सासरी हळद, ऊस आणि ज्वारी, ते याच 32 किलोमीटरमुळे.

हे सगळं पाणी जातं कुठे ते बघण्यासारखं आहे. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री अशा पाच नद्यांचं उगमस्थान मानतात. त्यातली कृष्णा आमच्या वाईच्या घाटांवरून, ढोल्या गणपतीच्या पायाशी वाहते आणि सावित्री माझ्या माहेरून. एका देवळातून निघालेल्या दोघी. सावित्री पश्चिमेला उडी घेऊन पोलादपूर, महाड करत साधारण 100 किलोमीटरमध्ये बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णेला अरबी समुद्र जेमतेम 64 किलोमीटरवर, पण पठार पूर्वेकडे कललेलं म्हणून ती त्याच्याकडे पाठ फिरवून 1400 किलोमीटर आंध्रपर्यंत जाते. गोदावरीचंही तसंच, त्र्यंबकेश्वरला उगम, समुद्र 80 किलोमीटरवर आणि प्रवास 1465 किलोमीटरचा. जिला 1300 मीटरची उंची एवढ्याशा अंतरात उतरायचीय ती सावित्री किती जोरात कापत असेल विचार करा. पश्चिमेच्या छोट्या नद्या अशाच कड्याला मागे मागे खातात, कोकणाच्या टोकाला घळी आणि नाळा तयार होतात, आणि घाटवाटा बहुतेक अशाच जागी आहेत. कड कापली जातेय म्हणजे तिचा दगड खाली येणारच, डोंगराचा हा लाखो वर्षांचा स्वभाव आहे, आपण मधे राहायला आलोय. (कोयनेचं वेगळंच आहे, ती माथ्याला समांतर दक्षिणेला वाहते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते, आणि आपण तिचं पाणी बोगद्यातून पोफळीला कोकणात सोडून वीज करतो, म्हणजे नदीने नाकारलेली उडी आपण तिला घ्यायला लावली. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

22 जुलै 2021. त्या 24 तासांत महाबळेश्वरला जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या वाईला वर्षात जेवढा पडतो त्यातला पाऊण हिस्सा एका दिवसात. चिपळूण बुडालं, महाड बुडालं. महाडचं असं आहे की वरून सावित्री आणि गांधारी एकदम येतात, पुढे जमीन सपाट, आणि त्याच वेळी भरती असेल तर खाडी पाणी घेत नाही. तळियेला दरड आली, 80 हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी. आमच्या सातारा जिल्ह्यात आंबेघर, मिरगाव. आंबेनळी घाट ठिकठिकाणी वाहून गेला. चार दिवस माहेरी फोन लागत नव्हता, टीव्हीवर तळियेचे फोटो दाखवत होते आणि मी प्रत्येक फोटोत आमची माणसं शोधत होते. सुदैवाने घरचे सगळे सुखरूप होते, पण दादाच्या ओळखीची माणसं त्यात गेली आणि तो अजूनही जुलै महिन्यात नीट झोपत नाही.

त्या आठवड्यात तुमच्या पेपरात रोज पानभर बातम्या होत्या आणि बातमीदारांनी खूप कष्ट घेतले हे मला मान्य आहे, काही जण तर चिखलातून चालत गेले. पण सगळीकडे एकच वाक्य, अतिवृष्टीमुळे डोंगर कोसळला. किती मिलिमीटर पडला ते छापलं, डोंगर कसला होता ते नाही छापलं. डोंगर म्हणजे काळा पाषाण कोसळला असं बहुतेक वेळा नसतंच. पाषाणाच्या उतारावर कुजलेला मुरुम, माती, मोठमोठे गोटे यांचं जाड पांघरूण बसलेलं असतं, काही ठिकाणी वरच्या टोकाला जांभ्याची टोपी असते. पाऊस सलग पडत राहिला की हे पांघरूण पाणी पीत जातं, जड होतं, आणि खाली पाषाण किंवा तो लाल पट्टा पाणी आत घेत नाही म्हणून पाणी मधे अडतं, तिथे दाब वाढतो आणि कणाला कणाची पकड राहत नाही. मग पांघरूण ओढल्यासारखं सगळं एकदम खाली येतं. म्हणून एका दिवसाच्या पावसाइतकाच आधीच्या आठवड्याचा पाऊस महत्त्वाचा. त्यात उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा घरासाठी उभा कापला, वरून येणारा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, बुजवला, तर काम अजून सोपं होतं. 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, 151 माणसं, तेव्हा उतारावरच्या सपाटीकरणाची खूप चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गेली, तिथे तर रस्ताच नव्हता, चालत जावं लागायचं, 27 मृतदेह सापडले आणि 57 जण बेपत्ताच राहिले. म्हणजे प्रत्येक वेळी जेसीबीला दोष देऊनही भागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, काही उतार आपण बिघडवतो आणि काही उतार मुळातच तसे आहेत, आणि कुठला कसा हे गावाला आधी माहीत पाहिजे.

आणि केरळात 30 जुलै 2024 ला वायनाडला जे झालं तेव्हा कुणीतरी लिहिलं की तोच पश्चिम घाट, तोच दगड. तोच घाट खरा, तापीपासून कन्याकुमारीपर्यंत 1600 किलोमीटर, मधे पालघाटची खिंड सोडली तर सलग. पण दगड तो नाही. आपला लाव्हा बेळगाव-सिंधुदुर्गाच्या आसपास संपतो, त्याच्या दक्षिणेला फार जुने खडक आहेत, आणि सगळ्यात उंच अनाईमुडी, 2695 मीटर, ते तिकडे. आपलं कळसूबाई 1646. दगड बदलला की दरडीची तऱ्हा पण बदलते.

आता टँकर. ज्या पोलादपूर, महाड, महाबळेश्वरच्या वाड्यांवर 3000-5000 मिलिमीटर पडतो तिथे एप्रिल-मे मध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन उतरतात आणि तुमच्या पेपरात हेडिंग येतं की एवढा पाऊस पडूनही पाणी नाही. त्या हेडिंगमधल्या 'पडूनही' शब्दाला माझी हरकत आहे. घट्ट पाषाण पाणी साठवतच नाही, फक्त त्याच्या चिरांत आणि कुजलेल्या थरात जेवढं मावेल तेवढंच राहतं. जांभा स्पंजासारखा पितो खरा पण लगेच सोडून पण देतो. उतार एवढा तीव्र की बाकीचं पाणी काही तासांत सावित्रीला आणि दुसऱ्या दिवशी समुद्राला. जो लाल पट्टा जुलैमध्ये पाणी अडवून उतार सैल करतो तोच पट्टा ऑक्टोबर ते फेब्रुवारी वाडीला झरा देतो, आणि मार्चमध्ये वरचा साठा संपला की झरा आटतो. दरड आणि दुष्काळ असे दोन विषय नाहीतच, एकाच पाण्याचा एकाच दगडातला वर्षभराचा प्रवास आहे. झऱ्याच्या वरचं जंगल आणि कारवी टिकली तर पाणी महिना-दीड महिना जास्त पुरतं, हे आमच्या आईला कुठल्या रिपोर्टशिवाय माहीत होतं, ती झऱ्याच्या वरच्या अंगाला कुणाला लाकूड तोडू द्यायची नाही.

रिपोर्टवरून आठवलं. पश्चिम घाटातला कुठला भाग पर्यावरणासाठी संवेदनशील धरून तिथे बंधनं घालायची, यावर गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा, त्यावर मसुदे निघत राहिले, 31 जुलै 2024 ला सहावा निघाला, त्यात असं संवेदनशील म्हणून महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. आमच्याकडे लोक याला घाबरतात हे मी लपवत नाही, घर वाढवता येईल का, गोठा बांधता येईल का, रस्ता येईल का, असं विचारतात आणि त्यांना कुणी नीट मराठीत समजावत नाही, खाणीवाल्यांचं आणि त्यांचं एकच असल्यासारखं बोललं जातं. माझं स्वतःचं मत, खाणी आणि कड्याच्या टोकावरचे बंगले थांबलेच पाहिजेत, पण वाडीतल्या माणसाला त्याचा उतार कसा आहे हे सांगितल्याशिवाय नुसती बंधनाची यादी दिली तर तो विरोधच करणार, मी तिथे असते तर मीपण केला असता.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरातल्या दरडप्रवण उतारांचे नकाशे केलेत आणि ते भूकोश नावाच्या त्यांच्या पोर्टलवर आहेत. पण ते इंग्रजीत, कॉम्प्युटरवर, आणि मोबाइलवर माझ्या दादाला ते उघडता येत नाहीत. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी तुम्ही तालुक्याचा एक नकाशा छापा, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, पाटण, जावळी, आंबेगाव, जुन्नर, अकोले, इगतपुरी, खालापूर, मराठीत, वाड्यांच्या नावांसकट. क्रिकेटच्या वर्ल्डकपचं वेळापत्रक तुम्ही भिंतीवर लावायला मोठ्ठं छापता, तसंच. दरडीच्या बातमीसोबत त्या डोंगराचा उभा छेद काढून द्या, वर काय, मधे काय, झरा कुठे, घरं कुठे, बोटभर चित्र पुरेल. आधीच्या 7 दिवसांचा पाऊस द्या. आणि धोक्याच्या खुणा जूनपासून दर आठवड्याला चौकटीत द्या, म्हणजे जमिनीला नवीन भेग, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं, किंवा भर पावसात झरा अचानक आटणं. ही शेवटची खूण बाबा नेहमी सांगायचे की पाऊस धो धो आणि पऱ्ह्याचं पाणी कमी झालं तर वर कुठेतरी अडलंय, गुरं सोडा आणि निघा. आणि पुरवणीतल्या त्या चुकीची दुरुस्ती पण छापा, लहान अक्षरात चालेल, मुलीला दाखवायचीय.

आमच्या माहेरच्या घराच्या वरच्या उतारावर 2021 ला एक भेग पडलीय. दादाने तिच्या दोन्ही अंगाला सागाच्या खुंट्या मारल्यात आणि दरवर्षी मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये मधलं अंतर दोरीने मोजून वहीत लिहितो. पहिल्या वर्षी 2 फूट 1 इंच होतं, गेल्या ऑक्टोबरला 2 फूट 4 इंच. ही वही कुणाला दाखवायची हे त्याला माहीत नाही. तलाठ्याला दाखवली, त्यांनी ठीक आहे म्हणून परत दिली. तुमचा बातमीदार पावसाआधी एकदा आला आणि सोबत या विषयातला कुणी जाणकार आणला तर मी स्वतः वाईहून येऊन त्यांना वरपर्यंत घेऊन जाईन, चढ अर्ध्या तासाचा आहे, सकाळी लवकर निघावं लागेल.

आपली,
एक वाचक, वाई (जि. सातारा)